एमआरआयच्या इंजेक्शनातलं लोखंड, मागची गोष्ट

आईचा लिव्हरचा एमआरआय होता, गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला जाताना बसमध्ये तिने विचारलं, त्या इंजेक्शनात धातू असतो म्हणे, तो अंगातच राहिला तर? डिचोलीच्या खाणपट्ट्यात जन्म गेला तिचा, पावसात शेतात शिरणारं तांबडं पाणी तिने बघितलंय, त्यामुळे प्रश्न उगाच नव्हता.

आता बहुतेक ठिकाणी देतात ते काँट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट दिसावं म्हणून दिलेलं औषध, गॅडोलिनियम या धातूचं, अमेरिकेत १९८८ ला मंजूर झालेलं. सुटा गॅडोलिनियम आयन (विद्युतभार असलेला अणू) विषारी, आकाराने कॅल्शियमच्या आयनासारखा, म्हणून त्याची कामं बिघडवतो, मग त्याला एका रेणूत घट्ट पकडून ठेवतात आणि किडनी त्यातलं बरंचसं लघवीतून बाहेर काढते. किडनी धड असेल तर.

लोखंडाचे कण याच्या मागून आले. १९९६ मध्ये लिव्हरसाठी फेरिडेक्स मंजूर झालं, डेक्स्ट्रान या साखरेच्या साखळीचं आवरण असलेले आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण. आमच्या खाणीतलं लोहखनिज बहुतेक हेमॅटाइट, हे मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाच्या घरातले आणि लॅबमध्ये बनवलेले. लिव्हरमधल्या सफाई करणाऱ्या कुप्फर पेशी ते गिळतात, पेशीतल्या आम्ल पिशवीत आवरण सुटतं, कण हळूहळू विरघळतो आणि लोखंडाचे आयन बाहेर येतात. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथंच, कारण या आयनांना ठेवायला शरीरात फेरिटिन नावाचं कोठार आधीच आहे, पुढे तेच लोखंड हिमोग्लोबिनला लागतं. ६० किलोच्या माणसाला डोस साधारण ३४ मिलिग्रॅम, अंगात मुळात ३ ते ४ ग्रॅम लोखंड असतंच. पण एकदम जास्त आयन सुटले तर हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिळून पेशी जाळणारे रॅडिकल तयार होतात, म्हणून किती सुटतात इतकंच बघून चालत नाही, किती वेगाने सुटतात तेही बघावं लागतं. आणि वारंवार रक्त चढवलेल्या थॅलेसेमियाच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंटचं कोठार त्या रक्तातल्या लोखंडाने आधीच भरलेलं असतं.

फेरिडेक्स अर्धा तास ड्रिपने द्यावं लागायचं, काहींची पाठ दुखायची, २००८ ला ते बंद झालं. आणि नेमकं त्याच्या आधी, २००६ मध्ये, किडनी गेलेल्यांची कातडी दगडासारखी घट्ट होणाऱ्या आजाराचा संबंध गॅडोलिनियमशी लागला होता. २०१४ ला जपानी संशोधकांनी मेंदूत गॅडोलिनियमच्या खुणा दाखवल्या, २०१७ ला युरोपने सैल पकडीची बरीचशी औषधं थांबवली. मग लोक परत लोखंडाकडे वळले, २००९ ला किडनीच्या पेशंटच्या ॲनिमियासाठी मंजूर झालेलं फेरुमॉक्सिटॉल, तेही लोखंडाच्या कणांचंच, काही डॉक्टर स्कॅनसाठी वापरू लागले, तर २०१५ ला त्यावर जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीचा कडक इशारा आला. तो धोका आयनांचा नाही, इंजेक्शननंतर लगेच उठणाऱ्या रिॲक्शनचा, दोन्ही एकत्र करू नयेत.

आईला सांगितलं, गॅडोलिनियम किडनीनेच बाहेर जातं, म्हणूनच तुझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, आधी बघितली. लॅबमध्ये आता कोबाल्ट, मँगनीज मिसळलेले कणही बनतात, कोबाल्टसाठी मात्र अंगात फेरिटिनसारखं कोठार नाही, त्यामुळे असे कण आम्लात ठेवून किती आयन सुटतात ते दिवसेंदिवस मोजत बसावं लागतं.