धावपट्टीवर विसरलेलं विमान

'मल्टिटास्किंग जमणे आवश्यक' असं नोकरीच्या जाहिरातीत वाचलं की मला लॉस एंजेलिसचा १ फेब्रुवारी १९९१चा विमान अपघात आठवतो. टॉवरमधल्या नियंत्रक बाईंनी एका छोट्या विमानाला धावपट्टीवर जाऊन थांबायला सांगितलं होतं. तेवढ्यात दुसरं एक विमान रेडिओवर उत्तर देईना, आणखी एकाची माहिती लिहिलेली कागदी पट्टी हाताशी सापडेना. या गडबडीत थांबवलेलं विमान डोक्यातून गेलं आणि त्याच धावपट्टीवर एका बोइंगला उतरायची परवानगी मिळाली. ३५ माणसं गेली.

निष्काळजीपणा म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण चालू कामापुरती माहिती धरणारी आपली स्मृती फार तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ पीटरसन दांपत्याने १९५९ मध्ये लोकांना तीन अक्षरं सांगून लगेच तीन-तीनने उलटे आकडे मोजायला लावले. १८ सेकंदांनंतर ती अक्षरं दहापैकी जेमतेम एकदाच बरोबर आठवली.

त्यातही सगळ्यात दगा देते ती 'नंतर करायचं आहे' ही आठवण. परीक्षेत निदान कुणी प्रश्न तरी विचारतं. इथे आठवायचं आहे हेच आपलं आपल्याला आठवावं लागतं. मेंदू त्यासाठी खुणेवर विसंबतो: आधीची पायरी झाली की पुढची सुचते. मध्येच व्यत्यय आला तर खूण निघून जाते आणि काही राहिल्याची जाणीवही होत नाही. रोजचं काम असेल तर आणखी पंचाईत, कारण ते काल केल्याची आठवण आजचीच वाटते. डेट्रॉइटला १९८७ मध्ये धावपट्टी ऐनवेळी बदलली, वैमानिक नव्या माहितीत गुंतले आणि उड्डाणाच्या वेळी विमानाला उचल देणारे पंखांचे फ्लॅप न उघडताच विमान उडालं आणि कोसळलं. चूक सांगणारा भोंगाही वीजपुरवठ्याअभावी गप्प राहिला. १५६ मृत्यू. हे वैमानिक अनुभवी होते. स्मरणशक्तीच्या गोळ्या विकणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

अशा विसरण्यावर विमान नियंत्रकांची युक्ती मला भारी आवडते. प्रत्येक विमानाची कागदी पट्टी प्लॅस्टिकच्या पकडीत बसवून रॅकवर एकाखाली एक लावलेली असते. एखाद्या विमानाचं काही बाकी असेल तर त्याची पट्टी मुद्दाम तिरकी, थोडी बाहेर काढून ठेवायची. सरळ रांगेतलं वाकडं डोळ्याला खुपतंच, म्हणजे खूण डोक्याबाहेर तयार झाली. आता बऱ्याच ठिकाणी कागद जाऊन संगणकाचे पडदे आले आहेत, पण अनेक प्रणालींत पट्टी अशी बाजूला सरकवून ठेवायची सोय मुद्दाम दिलेली असते.