पेनिसिलिनच्या आधीचं लाल औषध

सूतिकाज्वराची, म्हणजे बाळंतपणानंतर येणाऱ्या जीवघेण्या तापाची गोष्ट बहुतेक जण १८४७ च्या व्हिएन्नात सुरू करतात. सेमेलवाइसने डॉक्टरांना हात धुवायला लावले, की मग उडी थेट पेनिसिलिनवर. प्रत्यक्षात १९३० च्या सुमारासही, रबरी हातमोजे नि निर्जंतुक अवजारं असताना, इंग्लंडमध्ये हजार बाळंतपणांमागे चारेक आया दगावत. त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक या तापाने.

बाळंतिणीच्या तापाला ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारा लावणारे आपल्याकडे अजून भेटतात. बाधा बाहेरूनच येई म्हणा, पण अनेकदा सुईण-डॉक्टरांच्या नाकाघशातल्या स्ट्रेप्टोकॉकस या जंतूची! संशोधक डोरा कोलब्रुक यांनी ते दाखवून दिलं.

त्यांचे बंधू लेनर्ड लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात या तापावर संशोधन करत. प्रतिद्रव्यांचा सीरम, आर्सेनिकची इंजेक्शनं, सगळं करून झालं होतं. १९३५ साली जर्मनीत संशोधक डोमाक यांनी प्राँटोसिल हे लाल रंगद्रव्य उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसपासून वाचवतं, असं प्रसिद्ध केलं. लेनर्ड आणि त्यांच्या सहकारी मेव्ह केनी यांनी ते ३८ बाळंतिणींना दिला, ३ दगावल्या. पुढच्या २६ पैकी एकही नाही. आधी त्याच विभागात पाचांतली एखादी तरी जाई. अर्थात तुलना मागच्या वर्षांशी होती, औषध न दिलेला गट नव्हता. त्यामुळे ‘चमत्कार’ म्हणायची घाई नको.

गंमत म्हणजे परीक्षानळीत प्राँटोसिल जंतूंना काहीच करत नसे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडा झाला: शरीरात रंगाचा रेणू तुटतो आणि त्यातून बिनरंगी सल्फानिलामाइड मोकळं होतं. काम तेच करतं. जंतू पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्लापासून (पाबा) स्वतःचं फोलेट (एक ब-जीवनसत्त्व) बनवतो; फोलेटशिवाय डीएनए बनत नाही. सल्फानिलामाइडचा रेणू दिसायला पाबासारखाच. त्यामुळे तो फोलेट बनवणाऱ्या विकरातल्या (एन्झाइममधल्या) पाबाच्या जागेवर जाऊन बसतो, एसटीच्या सीटवर खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखा! पाबा पुष्कळ असला तर तो रुमाल हटवतो. म्हणून औषधाची रक्तातली पातळी टिकवावी लागते. जंतू लगेच मरत नाहीत. साठवलेल्या फोलेटवर काही पिढ्या निघतात, मग वाढ थांबते आणि उरलेलं काम पांढऱ्या पेशी उरकतात. पू साचला असेल तर त्यातली पाबासारखी द्रव्यं औषध निष्प्रभ करतात, तिथे निचराच करावा लागतो.

आपल्या पेशी मात्र फोलेट बनवतच नाहीत, अन्नातून घेतात. म्हणून आईच्या पेशींचं फोलेट यामुळे अडत नाही. आणि गर्भवतींच्या एका रक्तक्षयावर यीस्टचा अर्क चालतो, हे ल्युसी विल्स यांनी १९३१ साली मुंबईतल्या कामातून दाखवलं होतं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेटच निघाला.