‘इन थ्रू द आउट डोअर’ : ही रेकॉर्ड घेण्याआधी एवढं वाचा

लेड झेपलिन या इंग्लंडच्या रॉक बँडची ही शेवटची स्टुडिओ रेकॉर्ड. वडशाच्या आमच्या दुकानात ती लावली की आधी मान वर करतो तो नाटकातला ऑर्गनवाला. गिटारवाली पोरं येतात ती जुन्या, दणदणीत झेपलिनच्या आशेनं, आणि दुसरी बाजू सुरू झाली की विचारतात, “यात गिटार कुठं गेली जी?” १९७९ मध्ये ही रेकॉर्ड आली तेव्हा तिकडच्या समीक्षकांचीही हीच तक्रार होती. पैसे मोजण्याआधी तिचं उत्तर तुम्हाला माहीत असावं, म्हणून हा कागद सोबत देतो.

काही जण म्हणतील, शेवटची तर ‘कोडा’. ती १९८२ मध्ये आली हे खरं, पण ती मागे राहिलेल्या गाण्यांची. त्यातली तीन तर याच रेकॉर्डच्या वेळी केलेली आहेत. चौघांनी मिळून पूर्ण केलेली शेवटची रेकॉर्ड हीच.

ती कशी झाली

नोव्हेंबर-डिसेंबर १९७८. जागा स्वीडनमधलं स्टॉकहोम, आणि स्टुडिओ ‘आब्बा’ या पॉप बँडचा, पोलार नावाचा. तोवर झेपलिनवर बरंच काही कोसळून गेलं होतं. गायक रॉबर्ट प्लांट १९७५ मध्ये मोटार अपघातात जबर जखमी झाला. जुलै १९७७ मध्ये बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्याचा पाच वर्षांचा मुलगा कॅरॅक आजारानं गेला. दौरा तिथंच थांबला. गिटारवादक जिमी पेज हेरॉइनच्या आणि ड्रमर जॉन बॉनम दारूच्या विळख्यात होता. स्टुडिओत वेळेवर पोचायचे दोघंच, प्लांट आणि बेस-कीबोर्ड सांभाळणारा जॉन पॉल जोन्स. बहुतेक चाली त्यांनीच बांधल्या. बाकीचे दोघं रात्री उशिरा येऊन आपापला भाग वाजवायचे.

त्याचा परिणाम कव्हरवर छापलेला आहे. ‘साउथ बाउंड सॉरेझ’ आणि ‘ऑल माय लव्ह’ या दोन गाण्यांच्या श्रेयात पेजचं नावच नाही. झेपलिनच्या स्वतःच्या गाण्यांत हे पहिल्यांदाच घडलं.

जोन्सनं नुकताच यामाहाचा जीएक्स-१ घेतला होता. सिंथेसायझरच, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, पण रचना मोठ्या ऑर्गनची: एकावर एक कीबोर्ड, खाली पायांनी वाजवायची पट्टी, आणि वजन असं की हलवायला माणसं लागावीत. झाडीपट्टीच्या नाटकात रंगमंचासमोर ऑर्गन बसतो आणि पदापासून प्रसंगापर्यंत सगळं त्याच्या सुरावर चालतं, तसं या रेकॉर्डमध्ये जोन्सचं आहे. गिटार गेलेली नाही. ती मागच्या बाकावर बसली आहे.

काय ऐकायचं

आमचा आग्रह आहे की दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करा. ‘कॅरोसेलांब्रा’ दहा मिनिटांहून लांब आहे आणि जवळजवळ सगळं कीबोर्डवर उभं आहे. मिक्सिंगमध्ये प्लांटचा आवाज दबला आहे, ही टीका रास्त. शब्द धड कळत नाहीत. पण मधे लय उतरते, सूर पालटतो, आणि पुन्हा वेग धरला जातो तो भाग वाजवणाऱ्यानं दोन-तीनदा ऐकावाच. त्यानंतरचं ‘ऑल माय लव्ह’ प्लांटनं गेलेल्या मुलासाठी लिहिलं. त्यातला कीबोर्डचा तुकडा साधा, स्वच्छ आहे; ऐकून बोटांनी काढता येतो. शेवटी ‘आय ॲम गॉना क्रॉल’, संथ, आणि त्यात प्लांटनं गळा पूर्ण मोकळा सोडला आहे.

पहिल्या बाजूला तबला-ढोलकीवाल्यांनी ‘फूल इन द रेन’ सोडू नये. बॉनमचा ठेका झुलता आहे, मधेच शिट्टी वाजते आणि गाणं थेट ब्राझीलच्या सांबात शिरतं, मग काहीच न घडल्यासारखं मूळ चालीवर येतं. गिटारवाल्यांसाठी ‘इन द इव्हनिंग’ आहे. ‘हॉट डॉग’ गमतीचं गाणं. त्यावर फार वेळ घालवू नका.

लोकांनी काय म्हटलं

१५ ऑगस्ट १९७९ ला रेकॉर्ड अमेरिकेत आली. त्याच महिन्याच्या ४ आणि ११ तारखेला इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या मैदानावर त्यांनी दोन प्रचंड कार्यक्रम केले होते. रेकॉर्ड त्याआधी यायची होती, पण उशीर झाला. इंग्लंडात तेव्हा पंकचा, म्हणजे छोट्या, वेगवान, खरखरीत रॉक गाण्यांचा, जोर होता आणि झेपलिनसारखे बँड म्हातारे झाले असं वृत्तपत्रं लिहीत होती. परीक्षणं संमिश्र आली. सिंथेसायझर जास्त, जोर कमी, असा एकूण सूर.

गिऱ्हाइकांनी मात्र वेगळा कौल दिला. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे ती पहिल्या क्रमांकावर गेली. तिकडे त्या वर्षी रेकॉर्डचा धंदा बसला होता. हिच्यासाठी लोक दुकानात परतले आणि जाताना बँडच्या जुन्या रेकॉर्डही घेऊन गेले. इतक्या, की त्या शरदात झेपलिनच्या आधीच्या सगळ्या रेकॉर्ड बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या दोनशेत पुन्हा दिसल्या. धंदा करणारे म्हणून आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एकट्या अमेरिकेतली विक्री पुढे ६० लाखांपर्यंत गेली.

खुद्द पेजनं नंतर सांगितलं की त्याला आणि बॉनमला ही रेकॉर्ड जरा मऊ वाटली होती, आणि पुढची जोरकस करायची असं ठरलं होतं. पुढची झालीच नाही. २५ सप्टेंबर १९८० ला बॉनम गेला, वयाच्या ३२ व्या वर्षी. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी बँड थांबवल्याचं जाहीर केलं. दुसरा ड्रमर घेऊन नाव चालवलं नाही, याबद्दल आम्हाला त्यांचा आदर वाटतो.

जुनी प्रत घेताना

या रेकॉर्डची कव्हरं सहा प्रकारची आहेत. चित्र एकाच दारूच्या गुत्त्याचं, मधे पांढऱ्या सुटातला माणूस चिठ्ठी जाळतो आहे, आणि प्रत्येक कव्हर गुत्त्यातल्या वेगळ्या माणसाच्या नजरेतून. कण्यावर ए ते एफ यातलं एक अक्षर असतं. ही सगळी कव्हरं वरून साध्या खाकी कागदी पिशवीत बंद करून विकली, म्हणजे कोणतं मिळालं ते घरी गेल्यावरच कळायचं. पिशवी बहुतेकांनी फाडून फेकली. पिशवीसकट प्रत असेल तर किंमत जास्त पडते, आणि ती का पडते ते आम्ही दाखवून देऊ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आतल्या कागदी पाकिटावर काळ्या रेघांची चित्रं आहेत. त्यांना पाणी लागलं की रंग उमटतात आणि ते कायमचे राहतात. मूळ कल्पनाच तशी होती. पण आपल्याकडे पावसाळ्यात भिंती घाम सोडतात, आणि ओल्या फडक्यानं रेकॉर्ड पुसून तशीच आत सरकवायची सवय अनेकांना आहे. रेकॉर्ड पूर्ण सुकू द्या, प्लास्टिकच्या वेगळ्या पाकिटात ठेवा आणि मूळ पाकीट बाजूला जपा.

मे महिन्यात टिनाच्या छताखाली किंवा माळ्यावर रेकॉर्ड ठेवू नका. वाकली की सरळ होत नाही. उभी ठेवा, एकावर एक रचू नका. धान कापणी-मळणीच्या दिवसांत राईस मिलजवळ घर असेल तर डेकवर झाकण हवंच, कोंडा खाचेत बसतो आणि सुई खातो.

दुकानात दोन्ही बाजू वाजवून दाखवल्याशिवाय आम्ही प्रत देत नाही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि नाटकांचा सीझन लागला की दुपारी दुरुस्तीची गर्दी असते, तेव्हा ऐकायला सकाळी या.