टाकीतला फ्रॅग आणि कायद्यातली प्रजाती

प्रवाळाची एक फांदी कातरीने तोडायची, चिनीमातीच्या छोट्या चकतीवर गोंदाने चिकटवायची आणि पुन्हा टाकीत ठेवून द्यायची. दोन-तीन आठवड्यांत जखमेवर नवी ऊती चढते, मग तिथून नवी वसाहत वाढू लागते. खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे या तुकड्याला ‘फ्रॅग’ म्हणतात. फ्रॅग मित्राला द्यायचा, त्याच्याकडून दुसरा घ्यायचा, उरलेले विकायचे. काही फ्रॅग तर वर्षानुवर्षं असे हातोहात फिरत आलेले आहेत. आज शेकडो टाक्यांत वाढणाऱ्या वसाहती मुळात एकाच प्राण्याचे तुकडे असतात, जनुकांनी तंतोतंत सारखे.

अमेरिकेतल्या टाकीवाल्यांची झोप उडवणारा शब्द याच कातरीशी जोडलेला आहे. तिथल्या 1973च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात तो ‘टेक’ असा येतो. त्याच्या व्याख्येत छळणं, इजा करणं, पाठलाग करणं, शिकार, गोळी घालणं, जखमी करणं, मारणं, सापळा लावणं, पकडणं, गोळा करणं हे सगळं बसतं. व्याख्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लांडगे आणि गरुड असावेत. पण प्रवाळ हाही प्राणीच आहे. तो संकटग्रस्त यादीत गेला तर त्याची फांदी तोडणं म्हणजे ‘जखमी करणं’ नाही, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

ही भीती हवेतून आलेली नाही. 2006 साली कॅरिबियन समुद्रातले एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न हे दोन प्रवाळ यादीत गेले. 2009 मध्ये सेंटर फॉर बायोलॉजिकल डायव्हर्सिटी या संस्थेने एकदम 83 प्रजातींसाठी अर्ज केला. 2012 साली सरकारच्या सागरी मत्स्य सेवेने त्यातल्या 66 प्रजातींबाबत प्रस्ताव मांडला तेव्हा छंदी मंडळींच्या पायाखालची वाळू सरकली, कारण हिंद-प्रशांत महासागरातले, घरोघरीच्या टाक्यांत असणारे प्रवाळ त्यात होते. 2014 मध्ये अंतिम यादी आली ती 20 प्रजातींची. 15 हिंद-प्रशांतच्या, 5 कॅरिबियनच्या.

या वीसही प्रजाती ‘संकटग्रस्त’ म्हणून नव्हे, तर त्याच्या एक पायरी खाली ‘धोक्यात’ म्हणून नोंदल्या गेल्या, आणि सगळी गोम या पायरीत आहे. संकटग्रस्त प्रजातीला आयात-निर्यात, राज्याराज्यांतला व्यापार आणि ‘टेक’ यांवरची बंदी आपोआप लागू होते. ‘धोक्यात’ असलेल्या प्रजातीसाठी मत्स्य सेवेला वेगळा नियम काढावा लागतो. कलमाच्या आकड्यावरून त्याला ‘4(डी)’ म्हणतात. एल्कहॉर्न-स्टॅगहॉर्नसाठी तो 2008 मध्ये निघाला. नंतरच्या वीस प्रजातींना यादीबरोबर अशी बंदी आली नाही, म्हणून टाक्यांतला व्यवहार चालू राहिला. पण पायरी बदलूही शकते. त्या वीसमधला कॅरिबियनचा खांब प्रवाळ 2024च्या अखेरीस वरच्या पायरीवर, म्हणजे संकटग्रस्त म्हणून गेला. 2014 पासून फ्लोरिडाच्या किनाऱ्याने पसरलेल्या ऊतीनाशाच्या रोगाने त्याची दाणादाण उडवली होती.

आता समजा, टाकीतल्या एखाद्या प्रजातीसाठी उद्या बंदी आली. पहिला प्रश्न, ती ओळखायची कशी? युफिलिया पॅराडिव्हिसा हा प्रवाळ घ्या. फांद्यांच्या टोकाला बेडकाच्या अंड्यांसारखे फुगीर, डुलणारे स्पर्शक. म्हणून छंदी लोक त्याला ‘फ्रॉगस्पॉन’ म्हणतात. त्या 15 मध्ये टाकीवाल्यांच्या सर्वांत ओळखीचा हाच. गंमत अशी की याचा सांगाडा याच्या फांद्यावाल्या भाऊबंदांच्या सांगाड्यासारखाच दिसतो. फरक कळतो तो जिवंत स्पर्शकांच्या आकारावरून. प्रवासात भेदरून प्राणी आत ओढला गेला की बंदरावरच्या तपासनिसापुढे उरतो तो नुसता चुनखडीचा सांगाडा. वर 2017 मध्ये वर्गीकरणकारांनी जनुकं तपासून त्याला फिंब्रियाफिलिया या वेगळ्या जीनसमध्ये, म्हणजे प्रजातींच्या वेगळ्या गटात टाकलं. ॲक्रोपोरा या फांद्यावाल्या प्रवाळ-गटाची कथा याहून बिकट आहे. त्यात शंभराहून जास्त प्रजाती, आणि एकाच वसाहतीचे दोन तुकडे वेगळ्या प्रकाशात, वेगळ्या प्रवाहात वाढवले तर दोन वेगळ्या प्रजाती वाटाव्यात इतके बदलतात. टाकीत वीस वर्षं काढलेला ॲक्रोपोरा नक्की कोण, हे पैज लावून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

अशा गोंधळावर कायद्यात एक औषध आहे: सारखं दिसतं म्हणून शेजाऱ्यालाही यादीत घ्यायचं. 2024 मध्ये महाकाय शिंपल्यांच्या दहा प्रजातींचा प्रस्ताव आला, त्यातल्या चार केवळ साधर्म्यामुळे. त्या चारांत मॅक्सिमा आणि क्रोसिया आहेत, म्हणजे टाक्यांत सर्वाधिक मिरवणारे निळे-हिरवे शिंपले.

दुसरा प्रश्न टाकीत जन्मलेल्यांचा. प्राणी समुद्रातून आला की घरात वाढला, हा भेद कायदा मुळात करत नाही. याची झळ आधी बसली ती टेक्सासच्या कुरणांवर पाळलेल्या, तलवारीसारख्या वाकड्या शिंगांच्या ओरिक्सना. हा आफ्रिकी हरणवर्गीय प्राणी 2000 साली निसर्गातून नामशेष जाहीर झाला होता, पण टेक्सासमध्ये त्याचे मोठे कळप होते. 2005 मध्ये तो संकटग्रस्त ठरला आणि त्याच वेळी पाळीव कळपांना सूट मिळाली. 2009 मध्ये न्यायालयाने सूट रद्द केली, 2012 पासून परवाने लागू लागले, 2014 मध्ये संसदेने सूट परत दिली. नऊ वर्षांत चार वळणं. प्रवाळाच्या फ्रॅगला अशी सूट कोण मिळवून देणार?

मुळात या प्रवाळांवर संकट आणलं कुणी? मत्स्य सेवेच्या शास्त्रज्ञांनी धोक्यांची क्रमवारी लावली तेव्हा वर होते समुद्राचं तापणं, रोग आणि आम्लीकरण. गोळा करणं आणि व्यापार खालच्या ओळीत. 2023च्या जुलैत फ्लोरिडाच्या एका उथळ खाडीत पाणी 38 अंश सेल्सियसवर गेलं, ते काही टाकीवाल्यांमुळे नाही. म्हणून ‘खऱ्या गुन्हेगाराला सोडून आम्हालाच धरता’ ही छंदी लोकांची तक्रार बरीचशी रास्त आहे.

बरीचशी म्हणालो, पूर्ण नव्हे. इंडोनेशियातल्या बांग्गाई बेटांभोवतीचा कार्डिनल मासा 2016 मध्ये ‘धोक्यात’ म्हणून नोंदला गेला आणि तिथे छंदाच्या मागणीचाच हात होता. नर पिल्लं तोंडात सांभाळतो, ती प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत. एका खाडीतले मासे उचलून नेले की ती जागा शेजारून भरून येत नाही. हा मासा टाकीत सहज वितो, तरी समुद्रातून काढलेला स्वस्त पडायचा. मऊ चिखलात सुटे बसणारे, फांद्या नसलेले मांसल प्रवाळही सहसा तोडून वाढवता येत नाहीत. त्यांना अख्खं उचलावं लागतं. सगळे दगडी प्रवाळ साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे देशाबाहेर जाताना प्रत्येकाला परवाना लागतो.

‘आमच्या टाक्या म्हणजे प्रवाळांना तारणारी नौका’ असा दावाही ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्स यांनी चंद्रप्रकाश, ऋतूंनुसार पाण्याचं तापमान, सूर्योदय-सूर्यास्त सगळं टाकीत घडवून प्रवाळांकडून अंडी-शुक्राणू सोडवून घेतले. त्याच वाटेने 2019 मध्ये फ्लोरिडा ॲक्वेरियममध्ये खांब प्रवाळाने टाकीत प्रजनन केलं, आणि समुद्रात उरलेल्या मोजक्या वसाहती एकमेकींपासून इतक्या दूर असताना ही मोठीच गोष्ट होती. प्रवाळ-संशोधक डेव्हिड वॉन यांच्या हातून प्रवाळ हलवताना चुकून तुटला, मागे राहिलेले बारीक कण भराभर वाढताना दिसले आणि त्यातून समुद्रात लावण्यासाठी सूक्ष्म तुकडे करण्याचं तंत्र निघालं. हे सगळं फ्रॅगच्याच जातकुळीचं काम.

पण घरच्या टाकीतला फ्रॅग समुद्रात सोडता येत नाही. तो दोन-तीन महासागरांच्या जीवांबरोबर वाढलेला असतो, त्यांचे रोगजंतू त्याच्या अंगावर असतात, आणि हजार टाक्यांतला हजारावा तुकडाही जनुकांच्या हिशेबात एकच प्राणी ठरतो. मूळ वसाहत कोणत्या बेटाची, हेही बहुतेकदा ठाऊक नसतं.

तेच कायद्यापुढे आडवं येईल. आपल्याला सूट किंवा परवाना लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी या कायद्यात तसं म्हणणाऱ्यावरच आहे. फ्रॅगची अदलाबदल मात्र पाण्याच्या पिशवीत, तोंडी आणि टोपणनावाने होते: कुठला तरी ‘ड्रॅगन’, कुठली तरी ‘परी’. त्या नावांखाली लॅटिन नाव, तारीख, देणाऱ्याचं नाव लिहून ठेवणारे टाकीवाले फार थोडे आहेत.