एसीचा गॅस ‘संपत’ नाही

मार्च उजाडला की ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: “गॅस संपलाय, भरावा लागेल.” एसी म्हणजे काही पेट्रोलवरची गाडी नव्हे. त्यातला गॅस बंद नळ्यांतच फिरतो. कमी झाला म्हणजे गळाला. विद्यापीठ परिसर वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्या कार्बन हिशेबातून नेमकी हीच गळती सुटते.

बाकीचा हिशेब सरळ आहे. विजेचं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, जनरेटरचं लिटरभर डिझेल २.७ किलो, मेसमधला १९ किलोचा सिलिंडर ५७ किलो. महावितरणच्या उच्चदाब बिलात आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणारी वीजही धरून असते. ०.७ ने गुणायचा मात्र केडब्ल्यूएचचा, म्हणजे खऱ्या युनिटांचा आकडा. इथे बरेचजण घसरतात.

आता गॅस. एसीत भरला जाणारा आर-४१०ए हा गॅस एक किलो हवेत गेला, की शंभर वर्षांच्या मापाने तो १९२४ किलो कार्बन डायऑक्साइडची बरोबरी करतो. पृथ्वी आपली उष्णता अवरक्त किरणांतून बाहेर टाकते. त्यातला १५ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा पट्टा कार्बन डायऑक्साइड आधीच अडवतो, काही पट्टे बाष्प. ८ ते १२ मायक्रॉनची खिडकी मात्र बरीचशी उघडी असते, आणि या गॅसमधले कार्बन-फ्लोरिनचे बंध तिथलेच किरण शोषून कंप पावतात. मिटल्या दारावर आणखी पडदा टाकणं वेगळं आणि उघड्या खिडकीला फळी ठोकणं वेगळं. एसीतल्या आर-३२ या दुसऱ्या गॅसमध्येही हेच बंध आहेत, पण तो हवेत पाचेक वर्षांतच मोडतो, म्हणून त्याचा आकडा ६७७.

समजा, परिसरात आर-४१०एचे किलोभर गॅसवाले ३०० एसी आहेत आणि वर्षाला दहावा हिस्सा गळतो. ३० किलो गॅस म्हणजे जवळपास ५८ टन, ८२ हजार युनिट विजेइतका. एका झाडाने वर्षाला वीसेक किलो शोषले असं धरलं, तरी एकेका किलो गॅसमागे शंभरेक वाढलेली झाडं हवीत. पावसाळ्यात रोपांसोबत फोटो काढून ‘कार्बन न्यूट्रल’चा फलक लावणाऱ्यांनी हा भागाकार करून पाहावा.

गळती बहुधा फ्लेअर नटपाशी (तांब्याच्या नळ्या जोडणारा नट) किंवा खाडीच्या खाऱ्या, दमट हवेने खाल्लेल्या कॉइलमध्ये सापडते. कोरड्या नायट्रोजनने दाब द्या, सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे शोधा. ऑक्सिजन कधीही वापरू नका. कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. दुरुस्तीनंतर पंपाने नळ्यांतली हवा-ओलावा ओढून (व्हॅक्यूम) गॅस काट्यावर मोजूनच भरायचा. आर-४१०ए हे मिश्रण आहे, त्यामुळे तो द्रवरूपातच सोडावा लागतो, नाहीतर प्रमाण बिघडतं.

देखभाल करारात ‘गॅससह’ असं मोघम लिहिलेलं असतं. त्याऐवजी दुरुस्तीच्या प्रत्येक बिलावर यंत्राचा क्रमांक आणि भरलेले ग्रॅम मागा. वर्षअखेरीस त्यांची बेरीज हीच गळती.