ऐरोलीचे फ्लेमिंगो सायबेरियाचे नाहीत हो!

ठाणे खाडीच्या अभयारण्यात राखणीचं काम करतो, आणि बोटीत बसलेल्या दर दुसऱ्या माणसाकडून एकच वाक्य ऐकतो, हे पक्षी सायबेरियातून येतात ना? शाळेच्या सहलीत तर बाईच पोरांना तसं सांगत असतात. नाही हो! सायबेरियात फ्लेमिंगो घरटी करतच नाहीत. आपल्याकडे येणारे बरेचसे गुजरातेतल्या कच्छच्या रणातले, तिथे पावसानंतर पाणी साचलं की चिखलाची बुटक्या उलट्या टोपलीसारखी घरटी करतात आणि एकच अंडं घालतात. काही बदकं वगैरे खरंच उत्तरेकडून लांबून येतात, त्यातूनच बहुतेक हे नाव चिकटलं असावं.

पिल्लू गुलाबी नसतं, राखाडी असतं. रंग येतो खाण्यातून, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव. ओहोटीला चिखल उघडा पडला की चोच उलटी बुडवून, मान हलवत, पाणी गाळून खातात, जवळून बघा एकदा, तासभर निघून जातो कळतही नाही.

म्हणून आमची ड्युटी घड्याळावर नाही, ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते तशी आम्हीही सरकतो, इथले कोळीबांधव तर तिथीवरूनच वेळ सांगतात. 2015 ला अभयारण्य झालं, 2022 ला रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता) मिळाला, तरी कांदळवनात अजून रोज प्लास्टिक अडकतं, मुळांमधून हाताने एकेक पिशवी सोडवावी लागते. बोट जवळ नेऊन पक्षी उडवायला सांगू नका प्लीज, त्यांचं खाणं अर्धवट राहतं.