रणात दिसलेलं ते बिनकेसांचं जनावर

फेब्रुवारीत बडोद्याहून दोन गाड्या करून आम्ही कच्छच्या छोट्या रणात गेलो होतो, आत्याकडचे सगळे, आमच्याकडचे चौघं आणि डबे भरभरून चिवडा नि ठेपले, कारण आमच्या आत्याचा बाहेरच्या खाण्यावर काडीचा विश्वास नाही. अहमदाबाद, विरमगाम, दसाडा असं करत दोनेकशे किलोमीटर. बघायचे होते घुडखर, म्हणजे तिथली रानगाढवं, आणि तीही मस्त दिसली (2024 च्या मोजणीत 7672 भरली, न दिसती तरच नवल), पण घरी आल्यावर घुडखरांचं कुणी नावही काढेना. सगळी चर्चा एकाच फोटोची.

फोटो आतेभावाने खिडकीतून काढलेला. दुपारचे दीड-दोन, भेगाळलेली सपाट जमीन आणि लांबवर एक करडं जनावर. अंगावर केस जवळजवळ नाहीतच. कान एवढाले, तोंड लांबुळकं, पाय काठ्यांसारखे आणि भलतेच उंच, शेपटी उंदरासारखी नुसती दोरी आणि तिच्या टोकाला मळकट पांढरा झुपका. फॅमिली ग्रुपवर काका म्हणाले कांगारू, वहिनी म्हणाली तरसाचं पिल्लू, भाचा म्हणाला एआयने बनवलेलं आहे, आणि एका मावसोबांनी तर ठामपणे सांगितलं की हे हरीण आणि कुत्र्याचं क्रॉस आहे, त्यांनी असं आधीही पाहिलंय म्हणे. कुठे ते विचारलं तर उत्तर नाही.

क्रॉसचं आधी निकालात काढू. हरीण आणि कुत्रा यांच्या वंशाच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वीच फुटल्यात, त्यांचं पिल्लू होणं शक्यच नाही. कांगारूवर मात्र मी हसलो नाही, कारण 2022 मध्ये उत्तर बंगालमध्ये रस्त्याच्या कडेला खरोखरचे कांगारू सापडले होते, तस्करीत आणलेले. पण कांगारू मागच्या दोन पायांवर उड्या मारतो आणि आमचं जनावर चार पायांवर दुडकत चाललं होतं, त्यामुळे तेही बाद.

आता त्या उंच पायांचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. रणात दुपारी जमीन तापते, जमिनीला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा जास्त गरम आणि विरळ होते, आणि त्या थरातून जाणारा प्रकाश सरळ न जाता वरच्या बाजूला वळतो. म्हणजे आकाशाकडून खाली निघालेला प्रकाश जमिनीला न लागता वळून आपल्या डोळ्यांत शिरतो आणि आपल्याला जमिनीवर आकाशाचा तुकडा दिसतो, तो आपण पाणी समजतो. हेच मृगजळ, शाळेत सगळ्यांनी शिकलेलं. पण जे आकाशाचं होतं तेच लांब उभ्या असलेल्या जनावराच्या पायांचंही होतं, खऱ्या पायांच्या खाली त्यांचंच उलटं प्रतिबिंब जोडलं जातं आणि दोन्ही मिळून वीतभर पाय हातभर दिसतात. त्याच दिवशी लांबचे घुडखर आम्हाला गुडघाभर पाण्यात उभे असल्यासारखे दिसले होते, त्यावर कुणी काही बोललं नाही, कारण घुडखर कसा असतो ते गाइडने आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसरी भानगड मापाची. रणात झाड नाही, खांब नाही, गुरं नाहीत, शेजारी काहीच नसेल तर जनावर मांजराएवढं आहे की वासराएवढं ते डोळ्याला कळतच नाही. त्यात मोबाइलचा झूम. फोन लांबचं चित्र नुसतं मोठं करत नाही, जिथे माहिती कमी पडते तिथे स्वतःच्या अंदाजाने कडा आणि पोत भरतो. म्हणजे भाचा अगदीच चुकला नव्हता, जनावर खरं पण त्याच्या कातडीवरचे ते खवल्यासारखे दिसणारे ठिपके बहुतेक फोनचेच.

मग भरवसा कशावर ठेवायचा? तर सांगाड्यावर आणि चालीवर. कमाटीबागेतल्या आपल्या म्युझियममध्ये तो देवमाशाचा सांगाडा आहे ना, 70 फुटांहून लांब, महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा, तो बघून बडोद्याचं कुठलंही पोर देवमासा म्हणून ओळखतं. मांस नाही, कातडी नाही, तरी ओळखतं. आणि इथे कातडीसकट जिवंत चालतं जनावर समोर आहे, फक्त केस नाहीत, तर आम्हा सगळ्यांची दांडी गुल. याचं कारण असं की कोल्हा, खोकड, मांजर ही मंडळी आपण खरं तर त्यांच्या अंगरख्यावरून लक्षात ठेवतो, रंग, पट्टे, झुबकेदार शेपटी, आणि तो अंगरखाच उतरवला की आत जे निघतं ते आपण कधी बघितलेलंच नसतं. ओलं झालेलं मांजर आठवा, आंघोळ घातलेलं. तेवढंच्या तेवढंच मांजर पण अर्धं वाटतं आणि तोंड वटवाघळासारखं दिसतं.

तर केस विसरून फोटोकडे बघितलं. तरस असतं तर पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब, त्यामुळे पाठ खांद्यापासून शेपटीकडे घसरगुंडीसारखी उतरती असते, आणि तरसाचं पिल्लूही अंगाने ठोसर. आमच्या जनावराची पाठ सरळ. वहिनी बाद. रणाच्या कडेच्या झुडपांत रानमांजर असतं, पण मांजराचं तोंड गोल आणि आखूड, याचा जबडा चांगला पुढे आलेला, म्हणजे कुत्र्याच्या कुळातलं. त्या कुळातले लांडगा, कोल्हा आणि खोकड तिघेही रणात आहेत. लांडगा छातीने आणि खांद्याने भरलेला असतो, आजारी असला तरी त्याचं डोकं मोठंच राहतं. उरले दोघं.

इथे जरा भाषेची गंमत सांगतो. ज्याला द्राक्षं आंबट लागतात तो आपला कोल्हा, तो मूळ गोष्टीत खोकड आहे. मराठीत कोल्हा म्हणजे रात्री कुई करणारा, गुजरातीत ज्याला शियाळ म्हणतात तो, आठ-दहा किलोचा गडी. खोकड म्हणजे लोंकडी, तिचं वजन तीनेक किलो, आपल्या घरच्या मांजरापेक्षा फार मोठी नाही. कोल्ह्याची शेपटी अंगाच्या मानाने आखूड, खाली लोंबती राहते, खोकडाची मात्र लांब, जवळजवळ जमिनीला टेकेल अशी आणि चालताना मागे आडवी. आमच्या फोटोतली दोरी लांबलचक होती. कानही अंगाच्या मानाने मोठे, ते काही केस गेल्यामुळे वाढत नाहीत. म्हणजे खोकड.

खोकडंही दोन जातीची, आणि इथे तो झुपका कामाला आला. साध्या भारतीय खोकडाच्या शेपटीचं टोक काळं असतं, वाळवंटी खोकडाचं पांढरं. वाळवंटी खोकडाच्या कानांची पाठही काळपट असते. बाकी सगळे केस गेले पण शेपटीच्या टोकाचा झुपका राहिला, आणि तो पांढरा. कानांची पाठ फोटोत दिसत नव्हती, पण मला तेवढ्याने पुरे.

एवढं सगळं करायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि मग मी शहाणपणा म्हणून आमच्या गाइडभाईला फोटो आणि त्याच वेळचा छोटा व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत उत्तर, ‘लोंकडी छे, खस थई छे.’ मी फोन करून विचारलं कशावरून ओळखलं, तर म्हणे चालीवरून. व्हिडिओच्या चार सेकंदांत त्याने पाहिलं की मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावरच पडतोय, एका रेषेत, लोंकडी अशीच चालते. कुत्रं इकडेतिकडे पाय टाकत चालतं.

खस म्हणजे आपल्या मराठीत लूत. लूत भरलेलं कुत्रं सगळ्यांनी पाहिलेलं असतं, तोच रोग. सार्कोप्टिस नावाचा एक अष्टपाद, कोळी-गोचिडाच्या नात्यातला, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि खणता खणता रोज दोन-तीन अंडी घालत जाते. तीनचार दिवसांत अंडी फुटतात, दोनेक आठवड्यांत पिल्लं मोठी होऊन पुन्हा तेच. गंमत म्हणजे केस ही जीवात खात नाही. तिची विष्ठा, लाळ, अंडी यांच्याविरुद्ध शरीरच खवळून उठतं, भयंकर खाज सुटते, जनावर खाजवून, चावून, घासून स्वतःचे केस काढतं, कातडी जाड होते, तिच्यावर राखाडी खपल्या चढतात. फोटोतला करडा रंग तो.

माणसाची खरूज पण याचीच, फक्त माणसावर राहायला सरावलेला वेगळा प्रकार. 1687 मध्ये बोनोमो आणि चेस्टोनी या दोन इटालियन लोकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं की खरजेचं कारण हा बारकासा जीव आहे. रक्त बिघडल्याने खरूज होते असं ज्या काळी डॉक्टर सांगायचे त्या काळी हे सांगणं म्हणजे मोठीच हिंमत.

खाजेने जनावर मरत नाही, मरतं ते त्याच्या पुढच्या गोष्टींनी. फेब्रुवारीत रणातल्या रात्री चांगल्याच गार असतात आणि केसांत अडकलेली हवा हीच खोकडाची गोधडी, ती गेली की अंगातली ऊब टिकवायला जास्त खावं लागतं, पण दिवसभर खाजवत बसलेलं जनावर उंदीर आणि सांडे (एक जातीचे सरडे) पकडणार कधी. मग ते भर दुपारी बाहेर फिरतं, माणसांच्या जवळ येतं, उष्टंखरकटं शोधतं. आम्हाला दुपारी दीडला दिसलं ते म्हणूनच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 1994 च्या सुमारास ही लूत शिरली आणि दोनेक वर्षांत तिथली 90 टक्क्यांहून जास्त खोकडं संपली.

अशा जनावरांना बघून गोंधळणारे आम्ही काही पहिले नाही. 1995 मध्ये पोर्टो रिको बेटावर बकऱ्यांचं रक्त पिणाऱ्या राक्षसाची अफवा उठली, त्याला चुपाकाब्रा नाव पडलं, म्हणजे बकऱ्या शोषणारा. पुढे अमेरिकेत टेक्सासमध्ये लोकांना त्याची निळसर-करडी, बिनकेसांची प्रेतंच सापडायला लागली. 2007 मध्ये क्वेरो गावाजवळ सापडलेल्याचा डीएनए तपासला तर निघाला कायोटी, आपल्या कोल्ह्याचा तिकडचा भाऊ. एवढा गाजलेला राक्षस आणि आत निघाला कोल्हा!

असं काही दिसलं तर जवळ जायचं नाही, खायला टाकायचं नाही (खाण्याच्या जागी जनावरं गोळा होतात आणि रोग पसरायला ते पुरतं), जागा आणि वेळ लिहून घ्यायची आणि फोटोसकट वनखात्याला कळवायचं. आम्ही गाइडभाईमार्फत कळवलं. या रोगावर आयव्हरमेक्टिन नावाचं औषध आहे आणि चालतंही, पण रणात मोकळ्या फिरणाऱ्या खोकडाला ते बेताच्या डोसमध्ये देणार कोण आणि कसं, आणि ते त्याच लूत भरलेल्या बिळात परत जाऊन झोपलं तर काय, हे प्रश्न उरतातच. गावकुत्र्यांमध्येही लूत असते आणि ती कुत्री रणात आतपर्यंत फिरतात, त्यामुळे कुत्र्यांवरचे उपचार हा सोपा मार्ग.

माणसाला प्राण्याची लूत लागू शकते, पण तो प्रकार आपल्या कातडीत जम बसवू शकत नाही, थोडे दिवस खाज सुटते आणि थांबते, आणि त्यालाही जनावराशी अंगाला अंग लागावं लागतं. हे मी ग्रुपवर दोनदा लिहिलं. तरी आतेभाऊ महिनाभर रोज संध्याकाळी फोन करून हाताला खाज येतेय म्हणून सांगत होता. तो गाडीतून खालीसुद्धा उतरला नव्हता.